फोर्ट नेल्सन ते वॉटसन लेक : मोटरहोमने एका दिवसात जावे की लियार्डला मुक्काम करावा?

महालकर

नमस्कार. मी नागपूरच्या महाल भागात राहतो. पाटबंधारे खात्यातून निवृत्त होऊन चार वर्षे झाली. मुलगी आणि जावई कॅनडात एडमंटनला असतात. येत्या जूनच्या उत्तरार्धात, म्हणजे इकडे नवतपा उलटून सगळे आभाळाकडे डोळे लावून बसलेले असतात त्या सुमारास, आम्ही दोघे त्यांच्याकडे जात आहोत आणि चौघांनी मिळून पंचवीस फुटी मोटरहोम भाड्याने घेऊन अलास्का महामार्गाने युकॉनमधील व्हाइटहॉर्सपर्यंत जायचे ठरले आहे. जावईबापूंनी दिवसवार आखणी करून पाठवली. पहिल्या दिवशी एडमंटन ते डॉसन क्रीक, सुमारे ५९० किलोमीटर. दुसऱ्या दिवशी डॉसन क्रीक ते फोर्ट नेल्सन, सुमारे ४५०. आणि तिसऱ्या दिवशी फोर्ट नेल्सन ते वॉटसन लेक, सुमारे ५२०. माझा प्रश्न फक्त या तिसऱ्या दिवसाविषयी आहे.

जावयांच्या हिशेबाने हा टप्पा सहा तासांचा आहे. मीही सुरुवातीला मान डोलावली, कारण समृद्धी महामार्गावरून नागपूर ते मुंबई हे ७०१ किलोमीटरचे अंतर मी स्वतः गाडी चालवून एका दिवसात, मध्ये जेवून-खाऊन, आरामात पार केले आहे. परंतु आमच्या सौभाग्यवतींनी नकाशा पाहून एकच प्रश्न विचारला की, ज्या गाडीत स्वयंपाकघर, झोपण्याची सोय आणि संडास असे सगळे घरच बरोबर नेत आहोत, त्या गाडीत दिवसभर पट्टा लावून बसायचे असेल तर ते घर कशासाठी न्यायचे? याला मला उत्तर देता आले नाही. वाटेत लियार्ड नदीजवळ गरम पाण्याचे झरे आहेत आणि तिथेच मुक्कामाची जागाही आहे, असे वाचले आहे. तर हा टप्पा तिथे तोडावा काय, गाडीतील पाणी आणि स्वयंपाक यांचे एका दिवसाचे गणित कसे असते, आणि माझ्यासारख्या ६२ वर्षांच्या माणसाने ती गाडी थोडा वेळ चालवायला घ्यावी की नाही, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

धरमपेठेतला प्रवासी

महालकरजी, आपल्या घरून आलेला प्रश्न योग्य आहे आणि माझे उत्तरही त्याच बाजूचे आहे : लियार्डला थांबा. आम्ही दोघे भाऊ सहकुटुंब २०२३ च्या जूनमध्ये याच रस्त्याने गेलो होतो, त्यामुळे हा दिवस मला बऱ्यापैकी आठवतो.

प्रथम सहा तासांचा हिशेब बाजूला ठेवावा. समृद्धीवर आपण ताशी १२० च्या मर्यादेने जातो आणि समोरून कोणी येत नाही. अलास्का महामार्ग हा बहुतेक ठिकाणी दोनच मार्गिकांचा, समोरासमोर वाहतूक असलेला रस्ता आहे आणि फोर्ट नेल्सनच्या पुढे तो रॉकी पर्वताच्या उत्तरेकडच्या रांगांमध्ये शिरतो. मोटरहोमची सरासरी ताशी ७० पडली तरी चांगली म्हणायची. म्हणजे ५२० किलोमीटरला साडेसात तास तर नुसते चाक फिरायला लागतात. त्यात उन्हाळा हाच तिथला रस्तेदुरुस्तीचा हंगाम. हातात फलक घेतलेला कामगार गाड्या थांबवतो, मग एक मार्गदर्शक गाडी येते आणि तिच्या मागोमाग सगळ्यांनी खडीवरून रांगेने जायचे. आम्हाला असे दोनदा थांबावे लागले.

आम्ही फोर्ट नेल्सनहून सकाळी आठला निघालो, ते टाकी गळ्यापर्यंत भरूनच. तिथे पेट्रोलला गॅस म्हणतात आणि स्वयंपाकाच्या गॅसला प्रोपेन. पहिले दोन दिवस या शब्दांनी आमच्या घरच्या मंडळींचा पुरता गोंधळ केला. या आकाराची गाडी १०० किलोमीटरला २५ ते ३० लिटर पेट्रोल पिते आणि पुढे पंप आहेत तेही एकेका लॉजच्या दारात, फार अंतराने, त्यातला एखादा बंदही असू शकतो. त्यामुळे अर्धी टाकी झाली की दर न पाहता भरायची, असा आमचा नियम होता. पंपावर गाडी लावण्यापूर्वी प्रोपेनवर चालणारा फ्रिज आणि गिझर बंद करायला विसरू नये.

सुमारे दीडशे किलोमीटरवर समिट लेक लागते. जवळजवळ १,३०० मीटर उंचीवरचा हा या संपूर्ण महामार्गाचा सर्वांत उंच भाग आहे. चिखलदऱ्यापेक्षा फार उंच नाही हो, पण जूनमध्येही आसपासच्या माथ्यांवर बर्फ होते आणि तळ्यावरून येणारा वारा कानशिले बधिर करत होता. आम्ही गाडी तळ्याच्या काठी लावली, आतल्या शेगडीवर चहा ठेवला आणि खिडकीतून तळ्याकडे पाहत तिखट-मिठाच्या पुऱ्या खाल्ल्या. मागे गाड्यांची रांग नाही, हॉटेलचा शोध नाही, मुलांना बाथरूमला न्यायची घाई नाही. घर बरोबर असण्याचा अर्थ मला त्या अर्ध्या तासात कळला.

तिथून टोड रिव्हर ओलांडून आपण मुंचो लेकला येतो. हे तळे १२ किलोमीटर लांब आहे आणि बराच वेळ रस्ता एका बाजूला उभा कडा व दुसऱ्या बाजूला पाणी अशा चिंचोळ्या पट्टीतून जातो. पाण्याचा रंग मोरचुदासारखा आहे. याच भागात स्टोन शीप नावाची रानमेंढरे खनिज क्षार चाटायला थेट रस्त्यावर येतात. वळण संपले आणि समोर सहा मेंढरे डांबराला जिभा लावून उभी. आमच्या भावाने ब्रेक लावला तेव्हा मागच्या कपाटातले डबे धाडकन दारावर आदळले, पण मेंढरांनी मान वर करून पाहिले नाही. आपल्याकडे पेंचमध्ये राष्ट्रीय महामार्ग ४४ खांबांवर उचलून वन्यप्राण्यांना खालून वाट करून दिली आहे. तिकडे या रस्त्यावर तसे काही दिसले नाही. वाट प्राण्याची आणि थांबायचे आपण. लियार्डच्या अलीकडे-पलीकडे रानटी बायसनचे कळप रस्त्याच्या कडेच्या गवतात चरत असतात. गव्याच्या तोडीचा हा प्राणी दिसायला शांत असला तरी फोटोसाठी खाली उतरू नये. आम्ही काच खाली करून पाहिले, तेवढे पुरे झाले.

लियार्डला पोहोचलो तेव्हा दुपारचे साडेतीन वाजले होते. ३१० किलोमीटर, साडेसात तास. गाडी लावून, जेवून, झऱ्यावर दोन तास घालवून परत आलो तरी संध्याकाळ झालेली नव्हती. या अक्षांशावर जूनअखेरीस सूर्य साडेदहाच्या आसपास मावळतो आणि त्यानंतरही पूर्ण काळोख होत नाही. रात्री साडेनऊला आम्ही लख्ख उजेडात पत्ते खेळत होतो आणि इकडे नागपुरात दुसऱ्या दिवशीचे सकाळचे दहा वाजलेले होते. ही बाब घरी फोन करून सांगावी असे फार वाटले, पण फोर्ट नेल्सन सोडल्यापासून बहुतेक वाट मोबाइलला नेटवर्कच नव्हते. घरच्यांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर काळजी करत बसतील.

मनीषनगर

माझे मत थोडे वेगळे आहे, म्हणून लिहितो. माझा मालवाहतुकीचा व्यवसाय असून रस्त्याचा हिशेब करणे हेच माझे रोजचे काम आहे. २०१९ मध्ये आम्ही हा टप्पा एका दिवसात केला आणि त्याबद्दल मला पश्चात्ताप नाही. वर सांगितलेला उजेड तुमच्याच बाजूने आहे. सकाळी सातला निघालात तर झऱ्यावर तासभर थांबूनसुद्धा रात्री आठ-नऊपर्यंत वॉटसन लेक गाठता येते आणि तेही दिव्यांची गरज न पडता. दिवे मात्र दिवसाही चालू ठेवावेत, कारण युकॉनमध्ये महामार्गावर तसा नियमच आहे. असा वाचवलेला दिवस व्हाइटहॉर्सच्या पुढे क्लुआनेसाठी वापरता येतो. कॅनडातील सर्वांत उंच शिखर, ५,९५९ मीटरचे माउंट लोगन, त्याच राष्ट्रीय उद्यानात आहे. रस्त्यावरून ते दिसत नाही, पण पुढच्या रांगा आणि क्लुआने सरोवर पाहण्यासाठी एक दिवस खर्चावा असे मला वाटते.

तथापि दोन अटी आहेत. एक, चालवणारे दोघे असावेत. दुसरी, लियार्डला पाण्यात उतरलेल्या माणसाने नंतर चाक हाती घेऊ नये. इतक्या गरम पाण्यात अर्धा तास बसले की अंग सैल पडते आणि डोळा लागतो. आमच्या गाडीत झऱ्यात न उतरलेला मी एकटाच होतो आणि म्हणून पुढचे २१० किलोमीटर मलाच चालवावे लागले, ही माझी तक्रार आजही घरात चालू आहे.

आपण गाडी चालवावी काय, याविषयी. आपला परवाना वैध असेल तर नागपूरच्या आरटीओतून एक वर्ष मुदतीचा आंतरराष्ट्रीय परवाना काढून घ्यावा आणि भाडेकराराच्या वेळीच आपले नाव चालक म्हणून नोंदवून घ्यावे. नाव नसताना चाक हातात घेतले तर विमा गुंडाळलाच समजा. उजव्या बाजूने चालण्याची सवय अर्ध्या दिवसात होते. अडचण येते ती गाडीच्या शेपटीची. मागच्या चाकांच्या मागे सात-आठ फूट गाडी लोंबत असते आणि पंपावरून डावीकडे वळवले की ती शेपटी उजवीकडे झाडून जाते. आपल्या एसटीच्या चालकाला हे जन्मजात कळते, कार चालवणाऱ्याला कळत नाही. म्हणून पहिल्यांदा मोकळ्या आवारात अर्धा तास हात बसवावा, मगच रस्त्यावर घ्यावी. फोर्ट नेल्सननंतरचे पहिले शंभर किलोमीटर आणि मुंचो लेकचा कडा हे दोन भाग जावयांना द्यावेत; लियार्ड ते वॉटसन लेक हा तुलनेने सोपा भाग आपण घ्यावा. खडीच्या पट्ट्यात समोरून ट्रक आला की वेग निम्मा करून कडेला सरकावे. आमच्या पुढच्या काचेवर गोटी एवढा तडा गेला आणि तो व्हाइटहॉर्सपर्यंत वीतभर लांबला.

प्रतापनगरची गृहिणी

महालकर काका, वरच्या दोन्ही उत्तरांत स्वयंपाक आणि पाणी राहून गेले, ते मी सांगते. काकूंनाही हे वाचून दाखवावे.

सर्वांत आधी, इथला मिक्सर नेऊ नका. आपला मिक्सर २३० व्होल्टचा, तिकडे वीज १२० व्होल्टची. तो नुसता गुरगुरतो आणि दाणेसुद्धा फुटत नाहीत. मी स्वतः करून पाहिले आहे. दाण्याचा कूट, गोडा मसाला, सावजीचा मसाला, भाजलेले बेसन घरूनच करून डब्यांत भरून घ्यावे आणि एक लहान खलबत्ता ठेवावा. अन्नपदार्थ कॅनडात नेण्याचे नियम आहेत, ते पाहून घ्यावेत आणि विमानतळावरच्या अर्जात सगळे खरे लिहावे. कुकर मात्र जरूर न्यावा. प्रोपेनच्या शेगडीवर तो उत्तम चालतो आणि चौघांचा वरण-भात एकाच भांड्यात झाला की भांडी घासायचे पाणी वाचते.

पाण्याचे गणित असे, की या गाडीच्या ताज्या पाण्याच्या टाकीत साधारण दीडशे लिटर पाणी मावते. आपला उन्हाळ्यातला मोठा कूलर जेमतेम दीड-दोन वेळा भरेल, तेवढ्यात चार माणसांचा दिवस काढायचा. गरम पाण्याची टाकी तर २२-२३ लिटरचीच असते. एकाने मनसोक्त अंघोळ केली की दुसरा थंड पाण्यात उभा. आम्ही लियार्डला मुक्काम केला त्याचे निम्मे कारण हेच होते. झऱ्यावर साबण चालत नाही, पण अंग शेकून निघते आणि त्या दिवशीचे अंघोळीचे पाणी वाचते. लियार्डच्या मुक्कामाच्या जागेवर गाडीला विजेची जोडणी मिळत नाही, त्यामुळे फोर्ट नेल्सनलाच टाकी भरून, बॅटरी पूर्ण चार्ज करून निघावे. दिवे, पाण्याचा पंप आणि हीटरचा पंखा १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालतात. मायक्रोवेव्हला मात्र जनरेटर लागतो आणि तो लावण्याचे तास ठरलेले असतात.

आता सांडपाण्याविषयी. गाडीखाली दोन टाक्या असतात : एकीत मोरीचे व अंघोळीचे पाणी, दुसरीत संडासाचे. दोन्ही टाक्या ठरलेल्या जागीच, जाड नळी जोडून रिकाम्या करायच्या. आधी संडासाची टाकी सोडावी आणि नंतर मोरीची, म्हणजे नळी आपोआप धुतली जाते. ही झाली पुस्तकी रीत. आम्हाला गाडी देणाऱ्यांनी पंधरा मिनिटांत सगळे भरभर दाखवले आणि किल्ली हातात ठेवली. आमच्या आधीच्या भाडेकरूने संडासाच्या टाकीचा खटका अर्धा उघडा ठेवला होता, तो त्यांनीही पाहिला नाही आणि आम्हीही नाही. दुसऱ्या दिवशी यजमानांनी नळी जोडण्यासाठी बाहेरचे झाकण फिरवले आणि पुढे काय झाले ते सांगायची गरज नसावी. नवे पांढरे बूट होते. ते तिथल्याच कचरापेटीत गेले आणि पुढचे तीन दिवस यजमान कॅनडाच्या थंडीत पायमोजे घालून त्यावर चप्पल घालत होते. म्हणून झाकणाला हात लावण्यापूर्वी दोन्ही खटके आत दाबलेले आहेत ना, हे डोळ्यांनी पाहावे आणि रबरी हातमोजे गाडीच्या त्याच बाजूच्या कप्प्यात ठेवावेत.

फ्रिजबद्दलही एक गोष्ट. तो प्रोपेनच्या ज्योतीच्या उष्णतेवर थंड होतो आणि गाडी तिरकी उभी असेल तर त्यातले द्रव नीट फिरत नाही, त्यामुळे गार होणे थांबते. मुंचो लेकच्या काठी उतारावर आम्ही जेवणासाठी तीन तास थांबलो, देखावा फार सुंदर म्हणून. फ्रिज मात्र पार थंडावला, म्हणजे थंड व्हायचा थांबला, आणि संध्याकाळी दूध नासले. तेव्हापासून मी ओट्यावर स्टीलच्या वाटीत काठोकाठ पाणी ठेवून बघायची. ज्या बाजूने सांडेल त्या बाजूच्या चाकाखाली यजमान फळी घालायचे. बिचारे कधीकधी चार वेळा गाडी मागे-पुढे करत.

फोडणीत मिरची टाकताना वरचा पंखा आणि खिडकी दोन्ही उघडाव्यात. धुराचा भोंगा इतक्या जोरात वाजतो की शेजारच्या गाडीतली माणसे बाहेर येतात. आणि हा सगळा स्वयंपाक गाडीच्या आतच करावा. बाहेर टेबल असते, मोह होतो, पण तो अस्वलांचा मुलूख आहे. खरकटे, तेलाची बाटली, कुत्र्याचे खाणे यांपैकी काहीही बाहेर राहू देऊ नये.

शेवटचे, काकूंसाठी : झऱ्यावर जाताना चांदीची जोडवी आणि पैंजण गाडीतच काढून ठेवावेत. पाण्यात गंधक आहे. माझी जोडवी अर्ध्या तासात काळीठिक्कर पडली आणि नागपूरला आल्यावर इतवारीतल्या सोनाराकडून उजळून घ्यावी लागली.

महालकर

तिघांचेही मनापासून आभार. प्रतापनगरच्या ताईंचे उत्तर घरी दोनदा वाचून झाले आणि मिक्सर पिशवीतून बाहेर आला. मनीषनगरच्या भाऊंचा मुद्दा जावयांना पटण्यासारखा आहे, हे मान्य करतो, परंतु आमच्याकडे चाक धरणारे दोघेच आहेत आणि दोघांनाही पाण्यात उतरायचे आहे. तेव्हा त्यांच्याच अटीप्रमाणे आमचा मुक्काम लियार्डला ठरतो. आता एकच शंका. मला रक्तदाबाची गोळी चालू आहे. झऱ्याचे पाणी नेमके किती गरम असते आणि गाडीपासून तिथवर किती चालावे लागते?

धरमपेठेतला प्रवासी

महालकरजी, वाहनतळापासून झऱ्यापर्यंत सुमारे ७०० मीटरची लाकडी पायवाट आहे. ती दलदलीवरून जाते आणि पूर्ण सपाट आहे, त्यामुळे चालण्याचा त्रास नाही. दलदलसुद्धा कोमट असल्याने तिथे असे काही हिरवे रान माजले आहे की, दोन्ही बाजूंच्या थंड सुचिपर्णी जंगलात ते कोकणातून आणून ठेवल्यासारखे वाटते. डासांचे मलम आधी लावावे. तिकडचे डास आपल्या नाग नदीकाठच्या डासांना मागे टाकतील.

पाणी ४२ ते ५२ अंशांच्या दरम्यान असते. ज्या टोकाला झरा उगम पावतो तिथे हात घालवत नाही. जसजसे प्रवाहाच्या दिशेने खाली जावे तसतसे ते सोसवते होत जाते. वज्रेश्वरीला कुंडे वेगवेगळी बांधलेली आहेत, इथे एकाच लांबट डोहात आपली आपली जागा शोधायची. तळाशी बारीक गोटे आहेत आणि बसायला पाण्यात लाकडी बाके आहेत. माझा रक्तदाबही वरचाच असतो. मी खालच्या टोकाला, पाणी छातीच्या खाली राहील असा, दहा मिनिटे बसलो, बाहेर येऊन तेवढाच वेळ बाकावर टेकलो आणि पुन्हा उतरलो. उठताना घाई केली तर भोवळ येते, तेव्हा कठडा धरून उठावे. निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना मात्र विचारून घ्यावे. उन्हाळ्यात ही जागा भरून जाते, म्हणून मुक्कामाचे आरक्षण आत्ताच करावे.

मनीषनगर

लियार्डला थांबणार असाल तर दुसऱ्या दिवशी सकाळी तुमच्याकडे वेळच वेळ आहे. त्याचा उपयोग करून घ्या. मुक्कामाच्या थोडे अलीकडे, म्हणजे येतानाच्या वाटेवर, लियार्ड नदीवरचा झुलता पूल लागतो; तो घाईत सुटला तर सकाळी तेवढे मागे जाऊन पाहून या. या महामार्गावर या प्रकारचा तो एकच पूल आता शिल्लक आहे. मग वॉटसन लेकच्या वाटेवर कॉन्टॅक्ट क्रीक नावाचा लहानसा ओढा येतो. डिसेंबर १९४१ मधल्या पर्ल हार्बरच्या हल्ल्यानंतर अलास्काला जमिनीवरून वाट हवी म्हणून अमेरिकी सैन्याने १९४२ मध्ये हा रस्ता काही महिन्यांत काढला. दक्षिणेकडून आणि उत्तरेकडून रस्ता काढत आलेल्या तुकड्या २४ सप्टेंबर १९४२ रोजी या ओढ्यापाशी एकमेकींना भेटल्या. दहा हजारांहून अधिक सैनिक या कामावर होते आणि त्यांतले जवळपास एक तृतीयांश कृष्णवर्णीय होते. त्यांच्या वाट्याला आलेला हिवाळा, चिखल आणि डास यांचा विचार केला की, गिझरमध्ये पाणी कमी पडले म्हणून कुरकुर करायची लाज वाटते.

वॉटसन लेकला पाट्यांचे जंगल आहे. याच कामावरचा कार्ल लिंडली नावाचा एक सैनिक, इलिनॉयमधल्या डॅनव्हिल गावचा, घरच्या आठवणीने व्याकूळ झाला असताना त्याने दिशादर्शक खांबावर स्वतःच्या गावाची पाटी ठोकली; तेव्हापासून येणारा-जाणारा आपापल्या गावाची पाटी लावत गेला आणि आज तिथे ऐंशी हजारांहून अधिक पाट्या आहेत. आम्ही मोकळ्या हातांनी गेलो आणि मला ते आजही डाचते. तुम्ही नागपूरची पाटी घेऊन जा.

महालकर

कळवण्यास आनंद होतो की लियार्डची एका रात्रीची जागा मिळाली. जावईबापूंनी ५२० किलोमीटरला सत्तरने भागून पाहिले आणि मग फारसे काही बोलले नाहीत. डॉक्टरांनीही, खालच्या टोकाला थोडा थोडा वेळ, एवढी परवानगी दिली आहे.

काल इतवारीत एका पेंटरकडे टिनाची पाटी टाकून आलो : फूटभर रुंद, पांढऱ्यावर निळी अक्षरे. आपल्या झिरो माइलचा खांब काढून मागितला होता. पेंटरने चार घोडे जमणार नाहीत असे स्पष्ट सांगितले, खांब एकटा काढून देतो म्हणाला. अंतर किती लिहू, असेही त्याने विचारले. मध्ये समुद्र आहे म्हटल्यावर त्याने ब्रश खाली ठेवला आणि नुसते ‘महाल, नागपूर’ असे लिहायचे ठरले. चार कोपऱ्यांना भोके पाडून घेत आहे. खिळे आणि हातोडी तिकडेच मिळतील ना, की सामानातून न्यावी?

प्रतापनगरची गृहिणी

काका, हातोडी मोटरहोमच्या साधनपेटीत असेलच असे नाही, तेव्हा डॉसन क्रीकलाच घ्यावी. चाकाखालच्या फळ्या नीट बसवायलाही ती कामी येते. पाटी मात्र मोठ्या बॅगेत, साड्यांच्या घडीत ठेवावी. टिनाचे कोपरे फार लागतात.